शेफलेरा हॉलमधून अंगणात नेला तेव्हा

इंदिरानगरला फ्लॅटमधे राहत होतो तेव्हा नर्सरीतून शेफलेराची कुंडी आणलेली, हिरव्यावर पिवळे शिंतोडे असलेली. छत्रीच्या काड्यांसारखी एकाच देठाला सात-आठ-नऊ पानं गोल पसरतात. मूळचं तैवानकडचं झाड, पण आपल्याकडे छान रुळतं.

सुरुवातीला ते माझ्या हातून जवळजवळ गेलंच होतं. कुंडीत निव्वळ काळी माती आणि रोज सकाळी तांब्याभर पाणी. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून अजून घातलं! सासूबाई म्हणाल्या, अगं माती हुंगून तरी बघ. कुंडी उपडी केली तर आंबूस वास, मुळं तपकिरी, बोटानं दाबली की साल सुटून हातात यायची. सडकी मुळं कापली, माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), गांडूळखत नि थोडी जाड वाळू मिसळून परत लावलं. तेव्हापासून दोन पेरं बोट आत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तर दहा-बारा दिवस बघायचंही नाही.

मग एकदा पानं चिकट लागली, खाली फरशीपण चिकट, आणि खोडावर मुंग्यांची रांग. पानाच्या मागे शिरेलगत तपकिरी खवले, म्हणजे रस शोषणारे किडे बसलेले, नखानं खरवडले की निघत होते. ओल्या कापडानं एकेक पान पुसलं, दर आठवड्याला संध्याकाळी नीमतेल मारलं, महिनाभरात गेले सगळे.

गंगापूर रोडला घर झाल्यावर ते जमिनीत लावायचं ठरवलं. एकदम उन्हात ठेवलं असतं तर पानं करपली असती, म्हणून पंधरा दिवस आधी जांभळीच्या सावलीत, मग फक्त सकाळचं ऊन. इथली काळी माती पावसात पाणी धरून ठेवते, म्हणून खड्ड्यात मुरूम घालून वाफा वीतभर उंच केला. आता कंबरेच्या वर गेलंय. छाटताना हातमोजे घालते कारण चिकाने हाताला खाज येते, आणि मांजर-कुत्रं असेल तर त्यांना ते चावू देऊ नका, त्रास होतो.

सध्या एका बाजूनं नुसत्या हिरव्या पानांची फांदी जोरात निघालीय. ती बुडातून काढली नाही तर हळूहळू पिवळे शिंतोडे दाबून टाकते. रविवारी सकाळी तेच काम आहे.