कोंबडीच्या पिल्लाची कंबर अंड्यात वळते तेव्हा

मी झूऑलॉजी शिकवते. आमच्याकडे चिक एम्ब्रियो, म्हणजे अंड्यातला कोंबडीचा भ्रूण, म्हटलं की ठरलेलं, २४ तास, ४८ तास, ७२ तासांच्या स्लाइड्स, हृदय दाखवा, सोमाइट्स (पाठीलगतचे पेशींचे ठोकळे) मोजा, संपलं. ७२ तासांना मागच्या पायाची नुसती कळी फुटलेली असते, कमरेचा पत्ताच नसतो, मग पेल्विक गर्डलबद्दल, म्हणजे कमरेच्या हाडांबद्दल, विचारणार कोण? यंदा एमएस्सीच्या दोघींनी प्रोजेक्टला नेमकं तेच घेतलं. स्टाफरूममध्ये नाकं मुरडली गेली, आणि खरं सांगते, मलाही विषय कोरडाच वाटला होता.

हॅचरीतून फलित अंडी आणली (दुकानातली अंडी कितीही उबवा, कोंबड्याचा संबंधच आलेला नसतो), ३७.५ डिग्रीला ठेवली, वेगवेगळ्या वयाचे भ्रूण काढून अल्कोहोलमध्ये टाकले. मग अल्शियन ब्लू, हा रंग कूर्चा तेवढी निळी करतो, आणि शेवटी केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) नि ग्लिसरीन, त्याने मांस काचेसारखं आरपार होतं.

त्या दुपारी साडेसहा दिवसांचा आणि दहा दिवसांचा असे दोन भ्रूण शेजारीशेजारी मायक्रोस्कोपखाली ठेवले आणि मी लेक्चर विसरले. लहान्याचं इलियम, म्हणजे कमरेचं वरचं हाड, आखूड, जेमतेम मांडीच्या सांध्यावर बसलेलं, आणि त्याच्या खाली इश्चियम आणि प्युबिस या कमरेच्या उरलेल्या दोन हाडांच्या निळ्या काड्या, त्यातली पुढची, म्हणजे प्युबिस, जवळजवळ सरळ खाली लोंबतेय! दहा दिवसांच्यात तीच काडी लांब, बारीक होऊन शेपटीकडे वळलेली, इश्चियमला समांतर, आणि इलियम पुढे पार ताणलेलं. पुस्तकातली आकृती या दुसऱ्याची, पहिला कुणी दाखवतच नाही.

आता टायरॅनोसॉरससारख्यांचं प्युबिस पुढे झुकलेलं असतं आणि पक्षी त्याच थेरोपॉड (दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरच्या) घराण्यातले. गंमत म्हणजे १८८७ मध्ये हॅरी सीलीने कमरेवरून डायनोसॉरचे दोन गट पाडले, त्यात पक्ष्यांसारखी कंबर असलेला गट वेगळाच, पक्षी आले ते दुसऱ्याच गटातून, म्हणजे प्युबिस मागे वळणं दोन्हीकडे स्वतंत्रपणे झालं. येल विद्यापीठातल्या ग्रिफिन, भुल्लर वगैरे संशोधकांनी २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत दाखवलं की पक्ष्याच्या भ्रूणाची कंबर आधी जुन्या डायनोसॉरसारखी असते, मग बदलते. पण प्युबिस वळताना आधीही पाहिलं गेलं होतं, १८८३ मध्ये, केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजच्या अॅलिस जॉन्सन बाईंनी, कोंबडीच्याच भ्रूणात. या बाई पुढे भुताखेतांच्या संशोधनात शिरल्या, ते असो.

"मॅडम, म्हणजे अंड्यात आधी डायनोसॉर होतो का?" एकीने विचारलंच. नाही गं बाई. तो भ्रूण पहिल्यापासून कोंबडीच आहे. फक्त कमरेच्या वाढीचा जुना क्रम तसाच राहिला आणि नवा बदल त्याच्या शेवटी जोडला गेला, म्हणून तो आपल्याला वेगळा दिसतो. हे फळ्यावर कितीदा लिहिलं असेल पण मुलींच्या चेहऱ्यावर पटलेलं त्या दिवशी दिसलं.

दुसरी सांगलीकडची, घरी गावरान कोंबड्या. ती एकदम म्हणाली, "मॅडम, ही मागची दोन टोकं आमची आजी रोज चाचपते! कोंबडी काखेत धरायची, मागे बोटं लावायची, दोन-तीन बसली तर अंड्यावर आहे, एकच बसलं तर नाही." अगदी बरोबर, तीच प्युबिसची टोकं. माणसात प्युबिस पुढे जोडलेलं असतं, पक्ष्यांत शहामृगासारखा अपवाद सोडला तर ती दोन टोकं खाली मोकळीच राहतात, अंडं जायला वाट हवी ना. लॅबचे मामा बाटल्या धुताधुता ऐकत होते, म्हणाले, "मग एवढा खर्च कशाला, आजीलाच बोलवा की."

आता काडी नक्की कधी वळते ते बघायचंय. सात, आठ आणि नऊ दिवसांचे भ्रूण केओएचमध्ये पडलेत, आणि बटेराची अंडी कुठे मिळतात त्याची चौकशी दोघी करतायत.