फवारणी पंपाचं नाव विकताना

मी पुण्यात एका लिक्विडेटरच्या, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्याच्या, ऑफिसात कंपनी सेक्रेटरी आहे. यंत्रांना, शेडला, अगदी भंगारालाही आज ना उद्या गिऱ्हाईक मिळतं. अडतं ते कंपनीच्या नावापाशी. फवारणी पंप बनवणारी एक कंपनी आमच्याकडे लिक्विडेशनला आली, तेव्हा याचा पुरेपूर अनुभव घेतला. विदर्भातल्या कृषी केंद्रांत शेतकरी हा पंप नावानेच मागायचे, पण कारखान्याला टाळं लागून बराच काळ झाला होता.

आधी हातात नेमकं काय आहे तेच शोधावं लागलं. यादीत नोझलचं पेटंट होतं. त्याची वार्षिक फी आमच्याकडे फाईल येण्याच्या कितीतरी आधी थकलेली, आणि ते पुन्हा जिवंत करायची 18 महिन्यांची मुदतही संपलेली. खोडलं. कारखान्याचा कारभार सांभाळणारं ईआरपी सॉफ्टवेअर परवान्यावरचं, म्हणजे दुसऱ्याचं. वेबसाइटचं डोमेन माजी संचालकांच्या खासगी ईमेलवर. ओटीपी द्यायला त्यांनी खूप टोलवाटोलवी केली, एनसीएलटीत, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणात, अर्ज करतोय म्हटल्यावर लगेच दिला. उरला ट्रेडमार्क, म्हणजे कंपनीचं नोंदलेलं नाव. हाताने चालणारी अवजारं 8व्या वर्गात आणि यंत्रं 7व्या, म्हणून दोन नोंदण्या.

त्यांच्या नूतनीकरणाची तारीख ऐन लिलावाच्या गडबडीत आली. दर 10 वर्षांनी, ऑनलाइन भरली तर वर्गामागे 9,000 रुपये. सल्लागार समितीत कंपनीला कर्ज दिलेल्या बँकेचे साहेब म्हणाले, "मॅडम, जे खपतच नाही त्याच्यावर आणखी खर्च कशाला?" त्यांचंही बरोबरच होतं, कारण हा खर्च दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 प्रमाणे सगळ्यांच्या आधी वजा होतो. पण फी न भरता नाव विकायला काढणं म्हणजे सातबाऱ्याशिवाय जमीन दाखवणं. सरांनी, म्हणजे आमच्या लिक्विडेटरांनी, फी भरली.

पहिल्या लिलावात कोणी फिरकलं नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली चालत नाही ती, आधी 25 टक्क्यांनी उतरवली, मग 10 टक्क्यांनी. तरी शुकशुकाट. अर्थात 2016 मध्ये किंगफिशर एअरलाइन्सच्या ट्रेडमार्कना 366.70 कोटींच्या राखीव किमतीला एकही बोली आली नव्हती, तिथे आमच्या पंपाची काय कथा! विकली न जाणारी मालमत्ता न्यायाधिकरणाच्या परवानगीने आहे तशीच धनकोंना वाटून देता येते. तो पर्याय मांडल्यावर बँकेचे साहेब हसले. "आम्ही काय पंप काढायचे?"

वाट सापडली ती साच्यांमुळे. 16 लिटरच्या टाकीचे साचे सांगलीकडच्या एका कारखानदारांनी आधीच घेतले होते. टाकीवर कंपनीचं नाव उठावात येतं, म्हणजे साच्यात ती अक्षरं खोदलेली. घासून जात नाहीत. वेल्डिंगने भरून पुन्हा पॉलिश करावी लागतात. साच्यांबरोबर नाव विकलेलं नव्हतं, म्हणून विक्रीच्या अटीत ते काम त्यांच्यावर होतं. त्यांचा फोन आला, "मॅडम, टूलरूमवाला सांगतोय तो खर्च बघून डोकं फिरलं. आणि भरलेल्या जागी डाग दिसणारच." सर म्हणाले, "मग पुढच्या लिलावात नावावरच बोली लावा की." यंत्रांचे मूल्यांकनकार वेगळे, नावाचे वेगळे, म्हणून लॉटही वेगळे पडले होते. माझ्या मते साचे आणि नाव एकत्रच जायला हवे होते.

पुढच्या लिलावात त्यांची एकट्याची बोली आली, राखीव किमतीच्या किंचित वर. मग करारात 'गुडविलसह', म्हणजे धंद्याच्या बाजारातल्या पतीसह, लिहायचं की नाही यावर वकिलांचा काथ्याकूट. गुडविलशिवाय दिलं तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 42 खाली सहा महिन्यांत रजिस्ट्रारकडे अर्ज करून जाहिरातीचे निर्देश घ्यावे लागतात. बंद कारखान्याला कसलं आलंय गुडविल, हा एका वकिलांचा मुद्दा. पण कृषी केंद्रवाले अजून सुटे भाग विचारत होते. ती पत्रं जोडली आणि 'गुडविलसह' केलं.

ट्रेडमार्कच्या मालकाची नोंद बदलायचा टीएम-पी अर्ज खरेदीदारांनी भरला. आलेल्या पैशातून आधी लिक्विडेशनचा खर्च गेला, नूतनीकरणाची फीसुद्धा त्यातच. राहिलेले कामगारांच्या 24 महिन्यांच्या थकबाकीत आणि बँकेत प्रमाणात वाटले.