निवतीची सुरमई आणि हातभर तार

निवतीहून पहाटे निघालो. मतलई वारा, पाणी सपाट. वेंगुर्ला रॉक्सचं दीपगृह जवळ आलं तसा तांडेलकाकांनी वेग पाच-सहा नॉटवर आणला आणि आम्ही खोल बुडणारे दोन लुर, म्हणजे गळ लावलेले नकली मासे, मागे सोडले. इथे पाण्याखालचे खडक एकदम वर येतात. बारकी मासळी त्यांच्या आडोशाला राहते आणि पावसाळा सरला की सुरमई तिच्या मागावर येते.

सुरमईचे दात त्रिकोणी, चपटे, एका ओळीत, कात्रीच्या पात्यासारखे चालणारे. नुसत्या तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या दोरीवर, लुर लावला तर ८० पौंडी (८० पौंडांची ओढ सोसणारा) तंगूससुद्धा एका चाव्यात जाऊ शकतो. तार हवीच. कोणती आणि किती, एवढंच ठरवायचं.

त्या सकाळी एका रॉडला जाड, अनेक पदरी, मीटरभर तार होती. दुसऱ्या रॉडला हातभर, एकेरी, तपकिरी स्टीलची, साधारण ५० पौंडी. लुर सारखेच. मासे लागले ते बारीक तारेला. एका सकाळीवरून निकाल लावणं बरोबर नाही, पण लुर होडीच्या कडेने ओढून पाहिला की फरक दिसतो: जाड तारेने त्याचं नाक जड होतं आणि डुलणं मंदावतं. थंडीत पाणी निवळ असतं, आणि सुरमई डोळ्यांनी शिकार करते.

माझी जोडणी अशी. ब्रेडला (रीळावरच्या विणलेल्या मुख्य दोरीला) दोन-तीन मीटर ६० ते ८० पौंडी तंगूस, मग छोटा काळा स्विव्हल (फिरती कडी), मग ४०-५० सेंटिमीटर तार. चकचकीत स्विव्हल अजिबात नको. सुरमई त्याच्यावरच झडप घालते, तारेच्या वरचा तंगूस कापते आणि लुरसकट सगळं जातं. तार लुरच्या कडीला आवळू नका, फास मोकळा ठेवा.

एकेरी तारेला गाठ बसत नाही, पीळ द्यावा लागतो. फास करून दोन्ही पदर सारखेच एकमेकांत चार-पाच वेळा पिळायचे. एकच पदर दुसऱ्याभोवती गुंडाळला गेला तर ओढ बसल्यावर तो सरकतो. मग टोकाचे चार-पाच वेढे काटकोनात, एकमेकांना चिकटून. उरलेलं टोक पक्कडीने कापलं तर धारदार कुसळ राहतं आणि बोट फाडतं. त्याला हँडलसारखा बाक देऊन फिरवा, वेढ्यापाशी साफ तुटतं.

ड्रॅग, म्हणजे रीळाचा ब्रेक, लाइनच्या ताकदीच्या पाव हिश्शावर. पहिली धाव भन्नाट असते, ती धावू द्या. होडीशी आल्यावर तार हाताला गुंडाळू नका, हातमोजे घाला. होडीत घेतलेली सुरमईही जबडा मिटते, म्हणून गळ काढायला लांब पक्कड.

मालवणहून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे लुर सोडू नका. वेंगुर्ला रॉक्सवर उतरूही नका, तिथल्या गुहांत पाकोळ्यांची घरटी असतात. दुपारी वारा चढतो, त्याआधी परत फिरा.

प्रत्येक माशानंतर तार बोटांनी चाचपा. मुरड पडलेली तार सरळ करून वापरली तर तिथेच तुटते, ती पिशवीत टाकून नवी लावा. पिळून तयार केलेल्या पाच-सहा तारा घरूनच न्या. हलत्या होडीत हा पीळ नीट बसत नाही.