येणे बाकी

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाला यंदा चाळीस वर्षं झाली. स्मरणिका काढायची ठरली आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर शाळेत माझे निबंध वाचून दाखवत. ते मी थोरल्या बहिणीच्या वहीतून उतरवायचो, हे आता साठीला सांगून काय उपयोग?

परवा दुपारी खजिनदाराकडे गेलो. जुन्या नाशकात, सराफ बाजाराच्या मागे. त्याने माळ्यावरून पत्र्याची पेटी काढली. आत दोन वह्या, कार्यवाहांची इतिवृत्ताची आणि याची जमाखर्चाची. २००८च्या सप्टेंबरात गोदेला पूर आला तेव्हा पेटी तळमजल्यावर होती. ‘पाणी किती होतं?’ विचारलं, तर त्याने पुराचं माप सांगायला थेट गोदापात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुतीच घेतला, पाणी त्याच्या कुठवर चढलं ते. नाशकात फुटाबिटांत कोण बोलतं!

इतिवृत्त उघडलं. पानभर निळं ओघळलेलं, एक अक्षर लागेना. शाईपेनाने लिहिलेलं ना! जमाखर्च मात्र खडखडीत, कारण हा पहिल्यापासून बॉलपेनवाला.

बॉलपेन म्हणजे आमच्या मराठीच्या सरांचा शत्रू. ‘अक्षर बिघडतं’ म्हणत ते थेट खिडकीबाहेर भिरकावत. आम्ही आपले शाईपेनाचे गुलाम. निब डोक्याच्या केसांना पुसायची, बोटं निळी, खिसा निळा. शाई संपली की शेजाऱ्याकडून थेंब उसने घ्यायचे. निबेला निब लावून मोजून दहा. दुसऱ्या दिवशी दहा परत. याचा हिशेब हाच ठेवायचा, भूगोलाच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर. एकदा माझ्याकडे सतरा थेंब निघाले होते. मला अजून वाटतं, बाराच होते.

तर इतिहास म्हणून उरलाय तो असा. १९८५, कोजागिरी, गच्ची. दूध, साखर, चारोळी, केशर (केशराच्या पुढे प्रश्नचिन्ह). सतरंजी एक. दोन वर्षांनी सतरंज्या दोन. मी चक्रावलो, मग आठवलं. १९७५ला शाळेतून जुनी अकरावी आणि नवी दहावी एकदमच बाहेर पडल्या. दोन्हीकडचे स्वतःला सीनियर म्हणवत आणि एका सतरंजीवर बसत नसत. भाडं मात्र मंडळाच्या डोक्यावर.

१९९१ला एकच ओळ: ‘धर्मादाय कार्यालय, रिक्षा जाऊन येऊन.’ मंडळ रजिस्टर करायचं होतं. १८६०च्या सोसायट्यांच्या कायद्याला निदान सात माणसं लागतात. त्या दिवशी सहाच जमलो, सातवा लग्नाला गेलेला. शिवाय दरसाल ऑडिट. मसाला दुधाचं ऑडिट कोण करणार, म्हणून विषय बारगळला. चाळीस वर्षं आम्ही कायद्याच्या लेखी नाहीच. तरी याने एक रुपया इकडचा तिकडे होऊ दिलेला नाही.

चाळता चाळता एक गोष्ट खटकली. दर वर्षाच्या शेवटी तीच ओळ: ‘रोल नंबर १९, मागील येणे बाकी रु. ११.’ १९९५पासून थेट गेल्या वर्षापर्यंत.

एकोणीस माझ्या बाकावरचा. १९९६च्या पावसाळ्यात गेला.

‘अरे, हे काढून टाक की आता.’

‘का? पुढच्या कोजागिरीला देतो म्हणाला होता.’

मी पानं उलटत राहिलो. बाहेर कुणीतरी शटर ओढलं.

‘मी भरू त्याचे?’

‘तू तुझे आधी भर. दोन वर्षांचे राहिलेत.’

खिसे चाचपले. हल्ली खिशात पैसे असतात कुठे? फोन काढला.

‘ते नको,’ वही मिटत तो म्हणाला, ‘रोख.’