रेषेच्या अलीकडे

चालण्याच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी नगरहून आईचा फोन आला. "पाय सुजले का गं?" हा तिचा पहिला प्रश्न.

आमच्या घरी पायांची चौकशी आधी होते. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तीनाथांची पालखी नगरवरून पंढरीला जाते. माझी आजी चर्चच्या महिला मंडळात होती आणि रविवारची उपासना तिने कधी चुकवली नाही. पालखी आली की ती खोबरेल तेलाची बाटली घेऊन रस्त्याकडेला बसायची आणि दिसेल त्या वारकरी बाईच्या पोटऱ्यांना तेल चोळायची. कुणी काही विचारलंच तर म्हणायची, "प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. आपण तेल तरी लावावं."

मी पंढरीची वारी कधी चालले नाही. मी चालले ती इथे अमेरिकेत, पवित्र सप्ताहात म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, लास वेगासहून नेवाडाच्या अणुचाचणी केंद्राच्या फाटकापर्यंत. अंतर साधारण शंभर किलोमीटर, आणि आम्ही तिसेक जण. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनची माणसं नगरला आली, त्यांच्यामुळे माझ्या खापरपणज्याच्या हातात बायबल आलं. त्याच बायबलातलं एक वाक्य त्यांच्या देशातल्या एका फाटकासमोर उभं राहून म्हणायचं, एवढंच मनात धरून मी निघाले होते.

शहर सुटलं की ९५ नंबरचा महामार्ग लागतो. मालट्रक जवळून गेला की वाऱ्याच्या झोताने पाऊल वाकडं पडतं. डावीकडे माउंट चार्ल्सटनवर बर्फ होतं आणि पायाखाली तापलेली खडी. सावली म्हणून नाहीच. पाण्याचे कॅन घेऊन एक गाडी पुढे जाऊन थांबायची, तिची सावली पडेल तेवढीच. आपल्या वारीत दर कोसावर कुणीतरी चहा घेऊन उभं असतं. इथे रस्त्यावर आमच्याशिवाय चालणारं कुणी नव्हतं. काही गाड्या हॉर्न वाजवून हात करायच्या, काहींतून शिव्या यायच्या.

२७ जानेवारी १९५१ ला या चाचणी केंद्रात पहिला बॉम्ब टाकला आणि २३ सप्टेंबर १९९२ ला शेवटचा स्फोट झाला. मधल्या काळात ९२८ चाचण्या झाल्या. त्यांतल्या शंभर उघड्या आकाशाखाली; उघड्यावरच्या चाचण्यांवर बंदी आणणाऱ्या १९६३ च्या करारानंतर सगळं जमिनीच्या पोटात गेलं. सुरुवातीच्या वर्षांत लास वेगासच्या हॉटेलांमधले पाहुणे पहाटे उठून गच्चीवरून ते ढग बघायचे. वारा लास वेगासकडे किंवा लॉस एंजेलिसकडे असेल तर चाचणी थांबवत. पूर्वेकडे असेल तर करत. पूर्वेला युटामधली छोटी गावं होती.

आमच्यातली एक बाई तिकडच्याच सेंट जॉर्ज गावची. लहानपणी अंगणात राख पडायची, ती हाताने गोळा करून पोरं खेळायची, असं तिने चालता चालता सांगितलं. तिच्या दोन बहिणी कर्करोगाने गेल्या. सरकारने माफी मागितली आणि भरपाईचा कायदा केला तो १९९० साली. हे सांगताना तिचा आवाज चढला नाही. ती चालत राहिली, मीही.

ही वाट पाडली फ्रान्सिस्कन साधू-साध्वींनी. १९८२ साली संत फ्रान्सिसच्या जन्माला आठशे वर्षं झाली म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस ते या फाटकाशी प्रार्थनेला उभे राहिले. त्यांत लुई व्हिताले नावाचे धर्मगुरू होते. तरुणपणी ते अमेरिकेच्या हवाई दलात होते. एकदा एक अनोळखी विमान पाडण्याचा हुकूम झाला. शेवटच्या क्षणी जवळ जाऊन पाहिलं, तर प्रवासी विमान, खिडक्यांत माणसं. पुढे तेच लुई या फाटकात आणि इतरत्र शेकडो वेळा अटक झाले, तुरुंगात राहिले, २०२३ साली वारले. त्यांची ही गोष्ट ऐकली तेव्हापासून मला ते खिडकीतले चेहरे सोडत नाहीत. बॉम्ब टाकणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत. म्हणूनच तर पायी जायचं, असं मला वाटतं. पायी जाणाऱ्याला प्रत्येक चेहरा दिसतो.

वाटेत इंडियन स्प्रिंग्जला क्रीच हवाई तळ लागतो. तिथून ड्रोन चालवतात. पहाटे ड्यूटीवर येणाऱ्या गाड्यांसमोर आम्ही फलक धरून गप्प उभे राहिलो. गाड्यांच्या मागच्या सीटवर मुलांच्या खुर्च्या होत्या.

गुरुवारी फाटकासमोरच्या माळावर तंबू पडले. ही जमीन वेस्टर्न शोशोनी या इथल्या मूळनिवासी लोकांची. १८६३ च्या रूबी व्हॅली करारात त्यांनी मैत्री कबूल केली, वाटसरूंना रस्ता दिला. जमीन दिली नाही. त्यांचे वडीलधारे कॉर्बिन हार्नी २००७ मध्ये जाईपर्यंत इथे पहाटे शेकोटीभोवती प्रार्थना घेत. आजही ती होते. शोशोनी लोक आम्हाला जमिनीवर येण्याचा परवाना लिहून देतात. दुसऱ्या दिवशी पोलीस ज्यांना घुसखोर म्हणून धरतात, त्यांच्या खिशात जमिनीच्या मालकाची परवानगी असते.

त्या रात्री पाय धुण्याचा विधी झाला. घंगाळं, कोमट पाणी, एकच टॉवेल. माझ्या वाट्याला ऐंशी ओलांडलेल्या एका साध्वीचे, सिस्टरचे पाय आले. टाचांना भेगा, बोटं वाकडी झालेली, करंगळीला फोड. धुऊन झाल्यावर मी सॅकमधून तेलाची बाटली काढली. आईने आग्रहाने घ्यायला लावलेली, पॅराशूटची निळी बाटली. सिस्टरच्या पोटऱ्यांना तेल चोळलं. तिने डोळे मिटले. मग शेजारच्या म्हाताऱ्याने पाय पुढे केले, मग आणखी कुणी. बाटली संपली तेव्हा आजीचे हात मला माझ्या हातांत दिसत होते.

शुक्रवारी क्रुसाची वाट. आम्हा नगरच्या प्रॉटेस्टंट लोकांना तिची सवय नाही. प्रभूच्या वधस्तंभापर्यंतच्या वाटचालीचे चौदा थांबे असतात, प्रत्येक थांब्यावर कुणीतरी वाचायचं. मला आठवा मिळाला. यरुशलेमच्या बाया रडतायत आणि येशू त्यांना सांगतो, माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी आणि तुमच्या मुलांसाठी रडा.

त्या थांब्यावर वाचायचं ते मी आदल्या रात्री बॅटरीच्या उजेडात कागदावर लिहिलं. मे १९९८, मी अकरा वर्षांची. नगर म्हणजे रणगाड्यांचं गाव, आर्मर्ड कोअरचं केंद्र. अर्ध्या वर्गाचे वडील लष्करात. पोखरणची बातमी आली आणि गल्लीत पेढे वाटले. मीही वाटले. दोन खाल्ले. आजीने हातात घेतलेला पेढा खाल्ला नाही, ताटलीत परत ठेवला. मला तिचा राग आला होता. पोखरणजवळच्या खेतोलाई गावात घरांच्या भिंतींना तडे गेले होते हे मला खूप वर्षांनी कळलं. दुसऱ्याच्या बॉम्बवर बोलायला आले आहे तर आपल्या बॉम्बवर आधी बोललं पाहिजे, म्हणून हे लिहिलं. सकाळी इंग्रजीतून वाचलं. आवाज फुटला, पण वाचलं.

चौदावा थांबा फाटकाशी. रस्त्यावर गुरं अडवायची लोखंडी जाळी आणि एक पांढरी रेषा. अलीकडे उभं राहायची मुभा, पलीकडे गुन्हा. शेरीफचे लोक ओळीने उभे. येशूने गेथशेमानेच्या बागेत पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितली तो भाग एकाने वाचला. मग एकेक जण रेषा ओलांडू लागला. गुडघे टेकून, हात जोडून, कुणी गात.

मी ओलांडली नाही. मी कामाच्या व्हिसावर आहे. अटकेची एक नोंद झाली तर नोकरी, घर, मुलाची शाळा, सगळं अडचणीत येईल. महिनाभर मी यावर प्रार्थना केली होती आणि उत्तर हेच होतं. तरी त्या क्षणी पाय जड झाले. सिस्टरने काठी माझ्या हातात दिली. "हिला सांभाळ," म्हणाली, आणि काठीवाचून तीन पावलं चालत पलीकडे गेली. तिच्या हातांना प्लास्टिकची पट्टी बांधली. रस्त्याकडेला तारेच्या जाळीचे दोन कोंडवाडे आहेत, एक बायकांचा, एक पुरुषांचा. तिथे तिला नेऊन बसवलं.

माझ्याकडे अकरा पिशव्या, चार काठ्या आणि टोप्यांचा ढीग. वारा सुटला होता. टोप्यांवर दगड ठेवले. जाळीआडून गाण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. कितीतरी वेळ काहीच नाही. मी रेषेपर्यंत गेले, खिशातला कागद उघडला, आणि आठवा थांबा पुन्हा, या वेळी मराठीतून, मोठ्याने वाचायला लागले.