आमची वाटचाल : बर्फाची लादी आणि काळी पूड

रत्नागिरीजवळच्या आमच्या शेडमध्ये ग्राफीन ऑक्साइडची (ग्राफीन म्हणजे कार्बनचा अणूएवढा पातळ पत्रा, आणि हे त्याचे ऑक्सिजन चिकटलेले रूप) पहिली बॅच काढली, त्या दिवशी हायड्रोजन पेरॉक्साइड पडताच तपकिरी रबडी लख्ख पिवळी झाली आणि माझे भागीदार भाऊ म्हणाले, "हळद तर लागली, आता लग्नाचे बघा." लग्न, म्हणजे गिऱ्हाईक, जमायला दोन वर्षे लागली.

भाऊंची उमेदीची वर्षे मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात गेली. लादी कडेने गोठत जाते आणि पाण्यातला गाळ मधोमध ढकलते, हे त्यांनी रोज पाहिलेले. त्यामुळे तांब्याच्या थंड ठोकळ्यावर साचा ठेवून द्रावण खालून गोठवले, की चढत्या बर्फाच्या पापुद्र्यांमधल्या फटींत ग्राफीनचे पत्रे आपोआप दाटीने लागतात, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. नंतर फ्रीझ ड्रायरमध्ये बर्फ वितळू न देता उडवला, की रचना तशीच उभी राहते. फिल्मसाठी, म्हणजे पत्रे थरावर थर रचून केलेल्या पातळ पापुद्र्यासाठी, मात्र आमचा गुरू शिनाणे हा खडकाला चिकटणारा शिंपल्यातला जीव : त्याच्या शिंपल्याचा आतला चकचकीत थर वजनाने सुमारे 95 टक्के कॅल्शियम कार्बोनेट असूनही खडूसारखा मोडत नाही, कारण त्याच्या बारीक फरश्यांच्या मधे प्रथिनांचा पातळ लेप असतो. ऑक्सिजन काढण्यासाठी कोकमाचे आगळ वापरण्याचा हट्ट मीच धरला. त्यातल्या मिठाने पत्र्यांचे गोळे झाले आणि आम्ही निमूटपणे क जीवनसत्त्वाकडे वळलो.

कोणी विचारलेले नाही, तरी नवख्यांना सांगतो : ऑक्साइड बनवताना गंधकाम्लात परमँगनेट चिमूट-चिमूट टाका आणि तापमान 20 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. घाई केलीत तर शेडच जाईल.

आमची शेड मात्र वेगळ्याच कारणाने जायची वेळ आली. एका व्यापाऱ्याने आमच्या एकतृतीयांश दरात 'ग्राफीन' विकायला सुरुवात केली. ती पूड बोटावर चोळली, की पेन्सिलीसारखी चकाकायची, म्हणजे पेन्सिलीतलेच साधे ग्राफाइट. धंद्यातल्या माणसाला आणखी काय सांगायचे? तरीही एकेक गिऱ्हाईक आमचा हिशेब मिटवून तिकडे गेले. 2018 साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील संशोधकांनी 60 कंपन्यांचे नमुने तपासल्याचे प्रसिद्ध झाले आणि बहुतेकांत खरे ग्राफीन 10 टक्क्यांहूनही कमी निघाले. तो अहवाल मी जुन्या गिऱ्हाइकांना पाठवला, पण एकानेही उलट टपाली दोन ओळी लिहिल्या नाहीत. फ्रीझ ड्रायर विकायला काढला, तेव्हा फायबरच्या होड्या बांधणारे मालवणचे आमचे एक काका दोन बरण्या घेऊन आले. त्यांनी दोन्ही पुडी पाण्यात घुसळून ठेवल्या होत्या. व्यापाऱ्याच्या बरणीत तळाशी करडा थर आणि वर नितळ पाणी. आमची बरणी टेबलावर ठेवत ते म्हणाले, "दोन दिस झाले, तरी ह्या तळाक बसला नाय." त्यांनी सहा महिन्यांची आगाऊ रक्कम दिली आणि पावतीसुद्धा मागितली नाही. पुढची वर्षे बरी गेली.

त्या व्यापाऱ्याच्या नमुन्याचा डबा अजून आमच्या फळीवर आहे. गेटच्या बिजागऱ्या कुरकुरू लागल्या, की भाऊ त्यातली चिमूटभर पूड वापरतात. त्या कामाला ती उत्तम आहे.