जपानी शिष्टाचार शहरागणिक बदलतात, आणि क्योटोची बस घाम काढते

‘जपानमध्ये सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं’ हा सल्ला टोकियोत खरा, सगळीकडे नाही. ओसाकात सगळे उजवीकडे थांबतात, डावी बाजू घाईवाल्यांची. तिथे बॅग घेऊन डावीकडे उभे राहिलात की मागे रांग तुंबलीच. क्योटोत बरीच गर्दी बाहेरची, त्यामुळे पुढचा जिथे उभा असेल तिथेच उभं राहायचं. नागोयात तर १ ऑक्टोबर २०२३ पासून जिन्यावर चालायचंच नाही, दोन्ही बाजूंना थांबायचं. दंड नाही, पण नियम आहे.

खरा मनस्ताप क्योटोच्या सिटी बसचा. टोकियोच्या तोएई (तिथल्या सरकारी) बसला पुढून चढायचं, चढतानाच २१० येन भरायचे, मधल्या दाराने उतरायचं. क्योटोत नेमकं उलटं: मागून चढा, पुढून उतरा, पैसे उतरताना, २३० येन. टोकियोची सवय घेऊन पुढच्या दाराशी गेलात तर उतरणाऱ्यांच्या अंगावर जाल.

सुट्ट्या पैशांची गोम वेगळीच. तोएईच्या पेटीत हजाराची नोट घातली की भाडं वळतं होऊन बाकी परत येते. क्योटोची पेटी बाकी देत नाही. तिथे आधी मोड देणाऱ्या खाचेत नोट घालायची, पडलेली नाणी उचलायची, त्यातले २३० मोजून भाड्याच्या तोंडात टाकायचे. पाचशेचं नाणं थेट भाड्यात टाकलंत तर २७० येन पाण्यात. नोटांमध्ये मोड हजाराचीच मिळते, पाच किंवा दहा हजाराची नोट चालत नाही. आणि मोड घेण्याचं काम आपला थांबा येण्याआधी, बस उभी असताना उरका. नंतर मागे वीस जण ताटकळतात आणि कोणी काही बोलत नाही, तेच जास्त टोचतं.

त्यापेक्षा सुइका किंवा इकोका हे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवास कार्ड घ्या. एकसारख्या भाड्याच्या हद्दीत ते फक्त उतरताना टेकवायचं. क्योटोच्या उत्तरेला डोंगरातल्या ओहाराकडे जाणाऱ्या बसला भाडं अंतरावर असतं, म्हणून चढतानाही टेकवा. कार्ड नसेल तर दाराजवळच्या यंत्रातून नंबराची चिठ्ठी घ्या. चिठ्ठी नसली तर कुठून चढलात हे चालकाला कळायला मार्ग नाही.

शनिवार-रविवारी क्योटो स्टेशनसमोर ‘पर्यटक एक्स्प्रेस’ बस लागते. तिचं भाडं ५०० येन. घाईत तीच पकडली जाते, पाटी बघूनच चढा. १,१०० येनचा बस-मेट्रो दिवसपास नुसत्या बससाठी घेतलात तर पाचव्या फेरीला वसूल होतो. तीन फेऱ्यांसाठी घेऊ नका. आणि मोठी सुटकेस घेऊन सिटी बसमध्ये चढूच नका, मेट्रो किंवा टॅक्सी बघा.

क्योटोतल्या गिओन या गेइशांच्या जुन्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत शिरू नका, १०,००० येनच्या दंडाच्या पाट्या लावल्या आहेत.

ओसाकाच्या मिदोसुजी या मेट्रो मार्गावर सहावा डबा सोम ते शुक्र दिवसभर बायकांसाठी राखीव. टोकियोत असे डबे बहुतेक सकाळच्या गर्दीपुरतेच, म्हणून तिथून आलेले पुरुष दुपारी इथे बिनधास्त शिरतात. फलाटावरची गुलाबी खूण बघून रांग निवडा.